गावस सरांचा एकच मित्र

'मित्र' हा शब्द गावस सर फार जपून वापरत. आठवीच्या मुलांनी 'माय फ्रेंड्स' या विषयावर निबंध लिहिला, की बहुतेकांच्या पहिल्याच ओळीत आपल्याला पुष्कळ मित्र आहेत असे असायचे. सर त्या ओळीखाली तांबडी रेघ मारत आणि समासात मराठीत लिहीत, 'नावे लिही.' दुसऱ्या दिवशी मूल दहा-अकरा नावे लिहून आणी. मग सर त्याला मेजाजवळ बोलावून हळू आवाजात विचारत, "तुका ताप आयिल्लो तेन्ना घरा कोण आयलो?" मूल आठवून दोन नावे सांगे. कधी एकच. "मगे बाकीचे क्लासमेट. तसा लिही," म्हणत सर वही परत करत.

एकदा एक मुलगी एकही नाव न सांगता बाकावर जाऊन बसली आणि मधल्या सुट्टीपर्यंत मान खाली घालून रडत राहिली. मला ते आवडले नाही. मी सरांना तसे बोलले.

"बाई, वर्गात ती एकटी खरे बोलली," सर म्हणाले. "तिला मी पैकीच्या पैकी दिलेत."

"पण रडली ना ती."

"रडली," सर म्हणाले आणि पुढची वही ओढली.

आमचे हायस्कूल डिचोली तालुक्यात, सुर्लच्या अलीकडच्या एका गावात. मी कुडाळकडची. लग्न होऊन डिचोलीत आले आणि या शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा सरांना इथे पंधरा वर्षे झाली होती. रघुनाथ गावस. उंच, काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळे आणि एक तांबडे पेन. लग्न केले नव्हते. भावाच्या घरात मागच्या खोलीत राहत. सकाळी येताना पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, दोन पाव घेऊन येत आणि मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कठड्यावर बसून कोऱ्या चहात बुडवून खात. बाकी सगळे शिक्षक आत डबे उघडून बसलेले असत. सर कोणाच्या डब्यातले घेत नसत आणि आपला पाव कोणाला देत नसत. चिक्कू म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या ताटाशी संबंध ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

व्हरांड्यात एक छोटा फळा होता. त्यावर सर रोज सकाळी एक इंग्रजी वाक्प्रचार लिहीत. चतुर्थीची सुट्टी संपून शाळा भरली की दरवर्षी पंधरा दिवस मैत्रीचे वाक्प्रचार चालत. त्यांचा एक नियम होता. मुलांनी नुसता अर्थ पाठ करायचा नाही, आपल्या घरातली किंवा गावातली घडलेली गोष्ट सांगायची. 'फेअर-वेदर फ्रेंड' म्हणजे हवा बरी असेपर्यंतचा मित्र, असे सांगितल्यावर एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचो एक काका फणस पिकल्यार येता." सरांनी तिला विचारले, "फणस सरले की?" ती म्हणाली, "मगे तेचो फोनय लागना." सरांनी ते वाक्य इंग्रजीत करून फळ्यावर लिहिले.

'थिक अ‍ॅज थीव्ज', म्हणजे चोरांसारखी घट्ट दोस्ती, याने मात्र घोटाळा केला. दोन मुलांची घट्ट दोस्ती होती, सरांनी उदाहरण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाचा बाप शाळेत आला. माझ्या पोराला मास्तराने भर वर्गात चोर म्हटले, असे त्याचे म्हणणे. सरांनी त्याला बसायला कदेल दिली, चहा मागवला आणि अर्धा तास समजावले. शेवटी बाप उठला आणि म्हणाला, "समजला. पण मैत्री सांगूक इंग्रजांनी चोरच कित्याक घेतले?"

सर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाले, "याचे उत्तर माझ्याकडे नाही."

"आपल्याकडे तरी काय वेगळे आहे?" मी म्हटले. "चोर चोर मावसभाऊ."

सरांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिले. लगेच बाहेर जाऊन त्यांनी ते इंग्रजी ओळीखाली मराठीत लिहिले. त्या दिवसापासून रोज सकाळी ते मला विचारू लागले, याला मराठीत काय म्हणाल. मी सांगे. एका ताटात जेवणे. गळ्यात गळा घालणे. जिवाला जीव देणे. एकदा ते म्हणाले, "इंग्रज मित्राला रडायला खांदा देतो. आपल्याकडे खांदा मेल्यावर. आणि त्याआधी एकदम जीवच. मधले काही नाहीच का हो मराठीत?"

इतरांना नावे लिहायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला एकच मित्र होता, आणि तो सगळ्या शाळेला माहीत होता. सोनू परब. सोनूचे वडील दोडामार्गाकडून खाणीवर कामाला आले आणि इथेच राहिले. सोनू आणि सर गावच्या मराठी शाळेत एका बाकावर होते. सोनू चौथीनंतर शाळा सोडून आधी क्लीनर आणि मग ड्रायव्हर झाला. खनिज भरून खाणीवरून नदीच्या धक्क्यावर न्यायचे, तिथे बार्जमध्ये ओतले की परत वर. ठेंगणा, गोल चेहऱ्याचा, बोलायला लागला की थांबत नसे. सर त्याच्या नेमके उलटे.

शनिवारी शाळा सकाळची. सुटायच्या वेळी सोनूचा ट्रक फाटकाबाहेर येऊन थांबे. दोनदा हॉर्न वाजला की सर वह्या कपाटात टाकत आणि ट्रकच्या केबिनमध्ये चढून बसत. दोन-तीन खेपा सोनूबरोबर करत. खाण, धक्का, खाण. संध्याकाळी घरी उतरत तेव्हा पांढरा शर्ट विटेसारखा लाल झालेला असे. मी एकदा विचारले, तीन-तीन तास तुम्ही दोघे बोलता तरी काय? सर म्हणाले, "तो बोलतो. मी ऐकतो. आठवडाभर मीच बोलत असतो ना."

त्या वर्षांत गावातले पाणी बिघडत चालले होते. खाणीचा खड्डा खोल गेला तशा वरच्या वाड्यावरच्या विहिरी आटल्या. खालच्या वाड्यावर ओहोळ होता, त्याला पावसात तांबडा गाळ येऊ लागला. तो गाळ शेतात बसला की भात उभे राहत नसे. बायका दोन कळश्यांसाठी मैलभर जात. माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या तासाला उशिरा येत आणि कारण विचारले की नुसता ओला परकर दाखवत. गावकऱ्यांनी मराठीत दोन अर्ज दिले होते. दोन्हींना उत्तर आले नाही. कोणीतरी सांगितले, अर्ज इंग्रजीत हवा. म्हणून एके दिवशी वाड्यावरच्या सात-आठ बायका शाळेत आल्या आणि सरांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमी लिवन दियात," त्यांतली वयस्क बाई म्हणाली. "आमका इंग्लीश येयना."

सरांनी चार दिवस घेतले. अर्ज चार पानांचा झाला. स्टाफरूममध्ये त्यांनी मला वाचून दाखवला, थांबून थांबून अर्थ सांगत. त्यात एकही मोठा शब्द नव्हता, आरडाओरडा नव्हता. कोणती विहीर कधी आटली, कोणाच्या शेतात गाळ किती बोटे बसला, एवढेच. तिसऱ्या पानावर मात्र एक परिच्छेद होता. खनिज धुतल्यावर उरलेला गाळ तळ्यात सोडायचा असतो. तसे न करता मोठा पाऊस लागला की काही ट्रक तो गाळ ओहोळाच्या वरच्या अंगाला, दोन किंदळीच्या झाडांमधल्या उतरणीवर नेऊन ओततात, म्हणजे पावसाने तो आपोआप वाहून जातो. हे मुकादमाच्या सांगण्यावरून होते. असे सगळे, जागेसकट.

"हे तुम्हाला कसे कळले?" मी विचारले.

सर कागदांच्या कडा जुळवत राहिले. "कळले," एवढेच म्हणाले.

मला तेव्हा समजायला हवे होते. पण मीही त्या बायकांना पाहिले होते, आणि अर्ज इतका चोख झाला होता, की दुसरे काही सुचले नाही.

या वेळी उत्तर आले. दीड महिन्याने अधिकारी आले. ते इकडेतिकडे फिरले नाहीत, थेट त्या दोन किंदळींपाशी गेले. उतरणीवर कंबरभर गाळ सापडला. गाळ ओतणे बंद झाले, ओहोळाच्या वर दगडी बांध घातला गेला. खाणीच्या माणसांनी मग शोध सुरू केला, ही जागा बाहेर सांगितली कोणी? त्या कामावर चारच ड्रायव्हर होते. आणि चौघांपैकी एकाच्याच केबिनमध्ये दर शनिवारी इंग्रजीचा मास्तर बसलेला सगळ्यांनी पाहिला होता.

सोमवारी सकाळी सोनूकडून ट्रकची चावी काढून घेतली. आसपासच्या कुठल्याच खाणीवर त्याला पुन्हा कोणी उभे केले नाही.

पुढच्या शनिवारी शाळा सुटली. सर वह्या कपाटात ठेवून फाटकाशी जाऊन उभे राहिले. ट्रक येणार नव्हता हे त्यांना माहीत होते. तरी तासभर उन्हात उभे होते. मग चालत सोनूच्या घरी गेले.

हे मला त्यांनीच पुढे सांगितले. सोनूच्या बायकोने ओट्यावर चटई घातली, पाणी आणून ठेवले. सोनू आत होता. त्याच्या खोकण्याचा आवाज येत होता. सर संध्याकाळपर्यंत बसले. सोनू बाहेर आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसेच. तिसऱ्या शनिवारी बायकोने पाणी आणले, पण चटई घातली नाही. सर उभ्याने पाणी प्यायले आणि परतले.

सोनूची मुलगी सरिता त्या वर्षी आमच्या शाळेत दहावीला होती. हुशार, सावळी, दोन घट्ट वेण्या घालणारी. नववी आणि दहावी यांच्यामध्ये लाकडी फळ्यांचा आडोसा होता. इकडचे तिकडे सगळे ऐकू यायचे. चतुर्थीनंतर सरांचे मैत्रीचे वाक्प्रचार सुरू झाले. त्यांच्या यादीत 'स्टॅब इन द बॅक' दरवर्षी असे. मला वाटले, या वर्षी ते गाळतील. सकाळी व्हरांड्यात आले तर फळ्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात तेच लिहिलेले.

मी नववीवर होते. मुलांना उतारा लिहायला दिला होता, त्यामुळे वर्ग शांत होता. पलीकडून सरांचा आवाज आला. त्यांनी अर्थ सांगितला, पाठीत खंजीर खुपसणे. मग नेहमीसारखे म्हणाले, "कोण सांगता घडलेली गोष्ट?"

बाक सरकल्याचा आवाज आला. सरिता इंग्रजीत बोलली. मला आठवते ते मराठीत असे होते: "माझ्या वडिलांना एक मित्र होता. वडिलांनी त्याला ट्रकात बसून एक गोष्ट सांगितली. मित्राने ती कागदावर लिहिली. आता माझे वडील घरी असतात."

माझ्या वर्गातल्या मुलांनी लिहिणे थांबवले. तिने कुठेतरी एक बारीकशी चूक केली होती, इंग्रजी फारसे न येणाऱ्या मलाही ती कळली. सर चूक कधी सोडत नसत. मी वाट पाहत राहिले.

"बरोबर," सर म्हणाले. "बस."

त्यांनी तास पूर्ण घेतला. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात पाव कागदात गुंडाळलेलेच राहिले, चहावर साय धरावी तसा थर आला. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"मी तिचे वाक्य तपासतोय," सर म्हणाले. "कुठे चुकते ते शोधतोय. व्याकरण सोडा. गोष्टीत कुठे चुकते ते. गावत नाय, बाई."

"पण सर, त्या बायकांना पाणी..."

"ते अर्जाचे झाले. तिची गोष्ट अर्जाची नाही."

थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "मी नाव घातले नव्हते. वाटले, नाव नाही म्हणजे झाले. ती दोन झाडे नुसती 'वरच्या अंगाला' म्हणून सोडता आली असती. पण मला तसे लिहिताच येत नाही. मुलाने निबंधात 'एका गावी' असे लिहिले तर मी रेघ मारतो."

त्यांच्याकडून एवढे सलग बोलणे मी तोपर्यंत ऐकले नव्हते.

दिवाळीच्या आसपास त्यांनी मला एक कागद दिला. सोनूला लिहिलेले पत्र होते, मराठीत. शुद्धलेखन बघा, म्हणाले. आयुष्यभर इंग्रजी लिहिलेला हात, काना-मात्रा जपून घातलेल्या. पत्र लहान होते. मी अर्ज लिहिला याचा मला पश्चात्ताप नाही, असे त्यात सरळ म्हटले होते. पुढे लिहिले होते, 'तुला विचारले असते तर तू नको म्हणाला असतास. म्हणून मी विचारले नाही. तुला न विचारणे ही माझी चूक आहे. ती मला आधीपासून कळत होती.'

"पहिले वाक्य काढा," मी म्हटले. "माफीच्या पत्रात ते शोभत नाही."

"काढले तर उरलेले खोटे होईल."

"आपल्याकडे म्हणतात, झाले गेले गंगेला मिळाले. एवढेच लिहा. तो येईल."

"गंगेला मिळायला वाहते पाणी लागते, बाई," सर म्हणाले. मग म्हणाले, "हे तुम्ही नेऊन द्याल? माझ्या हातून तो घेणार नाही."

मी एका रविवारी सोनूच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून सुंभ वळत होता. एवढ्या दिवसांत चेहऱ्याचा गोलपणा उतरला होता. त्याने हात पुसून कागद घेतला आणि ओठ हलवत हळूहळू वाचला. दोनदा वाचला. सरिता दारात उभी होती. सोनूने कागदाची घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली.

"बाई, त्याका सांगा," तो म्हणाला, "अर्ज बरो होतो. आमच्या शेजारची बायल-माणसां आता व्हाळाचा पाणी भरतत. ता मी बगतंय. तो बरोबर होतो, माका म्हायत आसा."

मला हायसे वाटले. मी म्हटले, "मग मी त्यांना घेऊन येऊ का?"

"नको." त्याने पुन्हा सुंभ हातात घेतला. "बरोबर होतो ता येगळा. केबिनीत मी मास्तराक सांगूक नव्हता, रघूक सांगितलंय. आता माका कोणाकडे कायच सांगूक जमना नाय. बायलेकडेय नाय. तेका म्हणा, माझ्याकडे येव नको."

मी हे सरांना जसेच्या तसे सांगितले. शब्द बदलले असते तर त्यांना लगेच कळले असते. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि तास होता म्हणून वर्गावर गेले. त्यानंतर ते सोनूच्या घरी गेले नाहीत.

पुढच्या वर्षी चतुर्थीनंतर तोच वाक्प्रचार फळ्यावर आला. या वेळी त्यांनी मुलांना गोष्ट विचारली नाही. स्वतः सांगितली. एक मास्तर होता, त्याला एक मित्र होता, तिथपासून. आडोशाच्या अलीकडे माझे हात खडूसकट थांबले. त्यांनी मास्तराचे नाव घेतले नाही, पण बाकी काही लपवले नाही. शेवटी एका मुलीने विचारले, "सर, मगे तो मित्र काय म्हणालो?"

"मास्तर बरोबर होता, म्हणाला," सर म्हणाले.

"मगे पुन्हा दोस्त झाले?"

"ना."

मुलांना गोष्ट अर्धवट वाटली असावी. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ती गोष्ट त्यांनी तशीच सांगितली. ऐकणारी मुले बदलत गेली आणि कोणाची गोष्ट आहे हे हळूहळू कोणालाच माहीत नसे. मला मात्र ती दरवर्षी ऐकावी लागे. एका वर्षी मी त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली.

मग सगळ्याच खाणी बंद पडल्या. ट्रक ओळीने रस्त्याकडेला उभे राहिले, त्यांच्या टपांवर वेली चढल्या. गावातले लोक सरांचे नाव घेऊन पूर्वी कौतुक करत, तेच आता कुजबुजू लागले, की हे सगळे त्या अर्जापासून सुरू झाले. ते खरे नव्हते. एका गावच्या अर्जाने एवढ्या खाणी बंद होत नाहीत. पण सरांनी कधी कोणाला तसे सांगितले नाही. पदेर सोडला तर त्यांच्याशी रोज बोलणारे माणूस उरले नाही. निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली. सरांना दोन शब्द बोलायला सांगितले, तर ते उभे राहून "नमस्कार" म्हणाले आणि बसले.

सोनू त्याच सुमारास घर बंद करून तेरेखोलला गेला. तिथल्या फेरीच्या धक्क्याजवळच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या गाड्या लावून घेण्याचे काम त्याला मिळाले होते. सरिता नर्स झाली आणि म्हापशात राहू लागली. हे सगळे मला तिच्याकडूनच कळत असे. मला ती सणावाराला फोन करते. सरांना कधी केला नाही.

सर गेले ते या मे महिन्यात. दोन दिवस ताप येऊन गेले. भावाच्या मुलाने मला कळवले. मी पोचले तेव्हा अंगणात पंधरा-वीस माणसे होती, बहुतेक भावाच्या ओळखीची. थोड्या वेळाने सरिता आली. पायाशी वाकून नमस्कार केला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी विचारण्याआधीच हळूच म्हणाली, "बाबा येवक नाय. मी फोन करून सांगितलंय. तेंनी आयकला नि फोन ठेवलो. आई म्हणता, सकाळपासून जेवक नाय."



मी सरांना जिवंत पाहिले ते शेवटचे त्याच्या आदल्या नाताळच्या सुट्टीत. माहेरची माणसे आली होती, त्यांना तेरेखोलचा किल्ला दाखवायला घेऊन निघाले होते. पेडण्यातल्या केरीला फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरलो, तर सिमेंटच्या कट्ट्यावर सर बसलेले. पांढरा शर्ट, बाजूला कापडी पिशवी. डिचोलीहून तिथे यायला दोन बस बदलाव्या लागतात. मी माणसांना पुढे पाठवले आणि त्यांच्याजवळ गेले.

"सर, पलीकडे निघालात?"

"नाही. इथेच आलोय."

ते नदीच्या पलीकडे पाहत होते. पलीकडच्या धक्क्यावर चार-सहा माणसे आणि दोन गाड्या होत्या. एवढ्या अंतरावरून माणूस म्हणजे एक उभी रेघ. मी विचारले, फेरीला तर पाच मिनिटे लागतात, मग जात का नाही?

"येव नको म्हटलंय त्याने," सर म्हणाले. "हा धक्का त्याचा नाही. इथे बसायला हरकत नाही."

फेरी लागली. मी पलीकडे गेले. उतरताच सोनू दिसला. निळा युनिफॉर्म, हातात शिट्टी, एक गाडी मागे घ्यायला लावत होता. गाडी लागल्यावर त्याने मला ओळखले. घरच्यांची चौकशी केली. मी म्हटले, "पलीकडे सर बसलेत."

"ठाव आसा," तो म्हणाला. "येता तो. म्हयन्यातसून एकदा, दोनदा. फेरीच्यो तीन-चार खेपो बगता नि जाता."

"मग तुम्ही एकदा जा ना."

त्याने शिट्टी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "जावन काय बोलू, बाई? बोलूचा म्हटला तर थंयसूनच सुरू होतला. ता नको म्हटला तर दुसरा कायच उरूक नाय." मग दुसरी गाडी आली आणि तो तिकडे वळला.

किल्ला पाहून आम्ही परतलो तेव्हा ऊन उतरले होते. सर तिथेच होते. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. त्यांनी मला काही विचारावे म्हणून थांबले. ते म्हणाले, "केस पिकले?"

"सगळे."

"बारीक झालाय?"

"थोडा."

"चष्मा लागला?"

"नाही. लांबून मला ओळखले त्यांनी."

"खोकला?"

"तेवढा वेळ नव्हते मी तिथे, सर."

त्यांनी मान हलवली. "इथून नीट दिसत नाही," असे म्हणाले आणि पिशवी उचलून उठले. म्हापशाची बस उभी होती. मी आमच्या गाडीत या म्हणून आग्रह केला. नको म्हणाले. बसमध्ये चढून त्यांनी नदीच्या बाजूची खिडकी धरली. बस सुरू झाली आणि धक्क्यावरच तोंड फिरवायला वळसा घेऊ लागली, तशी नदी दुसऱ्या अंगाला गेली. सर उठले. हलत्या बसमध्ये वरचा दांडा धरून धरून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथल्या खिडकीशी बसले.